‘बरा होता’ म्हणून पुसलेलं

ठाण्याच्या नौपाड्यात सरांच्या घरी आमची रविवारची बैठक असते. सर फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, काकू पोस्टातून. ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये शिफ्ट करणारा एक मित्र येतो, माझी भाची येते आणि मी. चार वर्षं झाली, आम्ही ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानमालिका पहिल्या भागापासून ओळीने बघतोय. निळ्या टेलिफोन बूथसारख्या खोक्यातून काळात आणि अवकाशात हिंडणारा एक परग्रहवासी, नाव फक्त ‘डॉक्टर’. मरायला टेकला की तो नवं शरीर घेतो, त्यामुळे नट बदलतो आणि मालिका चालू राहते. २३ नोव्हेंबर १९६३ ला ती बीबीसीवर सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये परत आली. काकूंच्या मते आपल्याकडच्या सासू-सुनांच्या मालिकांनी लांबण लावायचं शिक्षण हिच्याकडूनच घेतलं असणार.

मध्यंतरी भाचीने एक खेळ काढला. या मालिकेतले सगळ्यात विसरण्याजोगे भाग कोणते, त्याची यादी करायची. नियम एकच. ती नाव वाचणार आणि आम्ही दोन वाक्यांत गोष्ट सांगायची. पाचांपैकी एकालाही सांगता आली नाही, तर तो भाग यादीत.

पहिली गंमत ही झाली की सगळ्यात वाईट म्हणून कुप्रसिद्ध असलेला भाग यादीत आलाच नाही. १९८४ चा ‘द ट्विन डिलेमा’. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझीन’ने वाचकांकडून तोवरच्या दोनशे कथांची क्रमवारी लावून घेतली, त्यात हा दोनशेवा. पण नाव काढल्याबरोबर सर सुरू झाले: नव्या डॉक्टरचा तो रंगीबेरंगी गोधडीसारखा कोट, आणि शुद्धीवर आल्या आल्या त्याने आपल्याच सोबतिणीचा धरलेला गळा. सगळं पाठ. लग्नात जिलबी दगडासारखी निघाली तर वीस वर्षं नाव निघतं, बरी निघाली तर दुसऱ्या दिवशीही निघत नाही. त्या क्रमवारीतला पहिला आम्हाला माहीत, शेवटचा माहीत. एकशे बारावा कोणता? जिने ती यादी डोळ्यांखालून घातली होती त्या भाचीलाही आठवेना.

यादीत गेलेल्या भागांपैकी आधी एकच सांगते. ‘द कर्स ऑफ द ब्लॅक स्पॉट’, २०११. चाच्यांचं जहाज आहे, समुद्रातून वर येऊन खलाशांना घेऊन जाणारी एक हिरवट बाई आहे. हे सगळं नंतर काढून बघितलं म्हणून सांगता येतंय. त्या दिवशी पाचही जण गप्प होते. पुन्हा बघताना लक्षात आलं की त्यातला एक खलाशी मध्येच नाहीसा होतो. कुठे गेला, कसा गेला, कोणी दाखवत नाही, कोणी विचारतही नाही. शेवटी तो इतरांबरोबर रुग्णशय्येवर सापडतो. भाग इतका विसरण्याजोगा की तो स्वतःच्याच माणसाला विसरला.

अशा भागांना मराठीत नेमका शब्द आहे. ‘कसा होता?’ ‘बरा होता.’ वाईट म्हणावा तर तेवढाही नाही. या ‘बऱ्या’ला कोणी शिव्या देत नाही, वाली तर नाहीच. माझं म्हणणं असं आहे की सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रसारणसंस्थांनी हे ‘बरे’ सगळेच्या सगळे जपले पाहिजेत, निवड न करता. ‘निवडक’ ठेवू या, हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. त्याचा व्यवहारातला अर्थ ‘बाकीचं पुसू या’ असाच निघतो.

बीबीसीने तेच केलं. साठच्या दशकात व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलाकारांबरोबरच्या करारांमुळे जुने कार्यक्रम हवे तितक्यांदा दाखवता येत नव्हते. घरात कॅसेट आणून बघायची सोय यायला अजून अवकाश होता आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल माल विकत कोण घेणार? तेव्हा टेपा पुसल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. १९७८ मध्ये संग्रहाचं रीतसर धोरण ठरेपर्यंत हे चालू होतं. पहिल्या सहा वर्षांतले २५३ भाग. त्यातले १०६ बरीच वर्षं गायब होते. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या अडगळीतून नऊ भाग परत आल्याचं जाहीर झालं तेव्हा हा आकडा ९७ वर आला. त्याआधी १९८३ मध्ये दोन भाग लंडनमध्ये एका मॉर्मन चर्चच्या तळघरात मिळाले होते. ते तिथे कसे पोचले, हाच एका भागाचा विषय होईल.

गेलेल्यात आपलं जवळचंही काही आहे. या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित केली ती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. तेव्हा ते पंचविशीचेही नव्हते. पुढच्या वर्षी ‘मार्को पोलो’ आली, सात भागांची, त्यातले सहा त्यांनी केले. एकही शिल्लक नाही. टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून ते कलाकारांना आणि दिग्दर्शकांना विकणारा जॉन क्युरा नावाचा एक छायाचित्रकार होता, त्याचे फोटो आहेत. आणि आवाज आहे, गायब झालेल्या सगळ्या भागांचा, कारण ब्रिटनमधल्या काही पोरांनी टीव्हीच्या स्पीकरसमोर माइक धरून घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. फोटोंवर तो आवाज घालून आम्ही ‘मार्को पोलो’ पाहिली. तिसऱ्या भागाला सर घोरत होते हे इथे नमूद करणं भाग आहे.

इथे कोणी म्हणेल, चांगलंही गेलंच की. गेलं. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात डॉक्टरचं काम करणारा विल्यम हार्टनेल जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन उठतो. पहिला चेहराबदल, ज्या युक्तीवर ही मालिका अजून तगून आहे, ती इथे जन्मली. तो भागही गायब आहे. चेहरा बदलण्याचा तुकडा मात्र आहे, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो वापरला होता. म्हणजे लक्षात राहण्याजोगा क्षण कुठेतरी कोणाच्या तरी कामी येतो, त्याच्या प्रती निघतात आणि तो दुसरीकडे वाचतो. त्याच्या आजूबाजूची वीस-बावीस मिनिटं कोणी कुठे वापरणार? चंद्रावरच्या पहिल्या पावलाचंही तेच. नासाच्या मूळ टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. पण जगभर दाखवलेल्या चित्रणाच्या प्रती होत्याच, त्यामुळे चांद्रविजय आपल्याला दिसतो.

हे मला पुस्तक वाचून कळलं नाही. आमच्या घरात घडलं. खोपटला राहायचो तेव्हा. १९९५ च्या श्रावणात आमच्या चाळीतल्या बायकांची मंगळागौर केबलवाल्याने शूट केली. त्या काळी प्रत्येक केबलवाल्याचं आपलं एक चॅनल असायचं: सकाळी भजन, दुपारी चोरीचा सिनेमा आणि गणपतीत गल्लीतल्या आरत्या. दुपारी चारला मंगळागौर लागली आणि बाबांनी व्हीसीआरवर उतरवून घेतली. आई त्यात असेल दहा-बारा मिनिटं. लाट्या बाई लाट्या, किस बाई किस, आणि पिंगा घालताना सुटलेला तिचा अंबाडा. घरात कॅसेट दोन. एकीवर आत्याचं लग्न, तिला हात लावायचा नाही. दुसरी ‘पुसायची’.

९ मार्च १९९६ ला बंगळुरूला भारत-पाकिस्तान उपांत्यपूर्व सामना. शेवटच्या षटकांत अजय जडेजा वकारवर तुटून पडला. नंतर आमिर सोहेलने चौकार मारून प्रसादला सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. बाबांनी ‘पुसायची’ कॅसेट घातली होती. मंगळागौर गेली. आई म्हणाली, ‘असू दे, त्यात काय एवढं होतं.’ आम्हालाही तसंच वाटलं. मॅच अमर होती, मंगळागौर काय, दरवर्षी यायची.

आज सोहेलचा तो त्रिफळा फोनवर दोन सेकंदांत मिळतो. अमर होताच तो, आमच्या कॅसेटची त्याला गरज नव्हती. आईचा पिंगा अख्ख्या जगात फक्त त्या एका कॅसेटवर होता.

‘बरा’ हा शेरा आपण कशाच्या आधारावर मारतो, हेही बघायला हवं. १९६७ च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही सहा भागांची कथा. पुसापुशीतून फक्त तिसरा भाग वाचला. आता तिसरा भाग म्हणजे काय? सहा भागांच्या कथेत तिसरा म्हणजे जेवणावळीतली दुसरी पंगत. पहिल्याचा उत्साह ओसरलेला, शेवट अजून लांब. त्यात बराच वेळ एक कुरकुऱ्या आचारी स्वयंपाकघरात सगळ्या जगावर वैतागत बसतो. एवढ्यावरून चाहत्यांनी अनेक वर्षं ठरवून टाकलं होतं की ही कथा रटाळ आहे. मग नायजेरियातल्या त्या अडगळीतून उरलेले पाच भाग आले. पहिल्याच भागात समुद्रकिनाऱ्यावर हॉवरक्राफ्ट, हेलिकॉप्टर, पाठलाग. ट्राउटन डॉक्टरही आणि हुकूमशहा सॅलमँडरही, एकच माणूस दोन अगदी वेगळ्या चालींनी चालणारा. मत फिरलं. आज बरेच जण तिला ट्राउटनच्या उत्तम कथांमध्ये धरतात. आणि तो आचारी? मागचं-पुढचं माहीत झाल्यावर तोच सगळ्यांचा लाडका झाला. काकू तर त्याच्यासाठी तिसरा भाग दोनदा बघून बसल्या.

उलटही होतं. ‘द सेलेस्टियल टॉयमेकर’ची ख्याती तिचे भाग हरवलेले असताना मोठी होती. १९८४ मध्ये शेवटचा भाग हाती आला आणि लोकांनी डोकं खाजवलं. मुद्दा असा की शिल्लक उरलेल्या सहाव्या हिश्शावरून आपण अख्ख्या गोष्टीचा निकाल लावत होतो. पुसणाऱ्याने पुरावा आधी नष्ट केला आणि खटला आपण नंतर चालवला.

आता माझ्या आवडीची दोन उदाहरणं. ‘द सेन्सोराइट्स’ ही १९६४ ची कथा आमच्या यादीत वरच्या क्रमांकाने गेली. मोठ्या टक्कलाचे, दाढीमिशांचे, पसरट गोल पायांचे परग्रहवासी सहा भाग हळू आवाजात बोलत राहतात. पण त्यात डॉक्टरची नात सूझन सहज बोलून जाते: आमच्या ग्रहावर रात्री आकाश भाजल्यासारखं नारिंगी असतं आणि झाडांची पानं चकाकणारी चंदेरी. बस, एवढंच. तेव्हा त्या ग्रहाला नावही नव्हतं. पुढे त्याचं नाव गॅलिफ्रे पडलं, आणि २००७ मध्ये डेव्हिड टेनंटचा डॉक्टर आपल्या नष्ट झालेल्या घराबद्दल बोलू लागतो तेव्हा त्याच्या तोंडी तेच नारिंगी आकाश आणि तीच चंदेरी पानं येतात. आमच्या बैठकीत कोणीतरी डोळे पुसले, नाव सांगत नाही. २००६ मध्ये ऊड नावाची गुलाम जमात आली, आणि २००८ मध्ये तिचा ग्रह सेन्सोराइट्सच्या शेजारचा निघाला. चव्वेचाळीस वर्षांनी कोणीतरी त्या हळू बोलणाऱ्यांचा पत्ता शोधत गेलं.

दुसरं उदाहरण ठाणेकरांना जास्त जवळचं. टेनंटचा तो नारिंगी आकाशाचा संवाद ज्या भागात आहे त्याचं नाव ‘ग्रिडलॉक’. दूरच्या भविष्यातला एक महामार्ग. त्यावर लोक वर्षानुवर्षं गाडीतच राहतात, गाडीतच संसार करतात. दहा मैल जायला सहा वर्षं लागणार, असं एक जोडपं अगदी शांतपणे सांगतं. घोडबंदर रोडला राहणारी माझी भाची हे ऐकून म्हणाली, ‘यात विज्ञानकथा कुठे आहे?’ असो. त्या महामार्गाच्या तळाशी, धुरात, अवाढव्य खेकड्यांसारखे प्राणी दिसतात. मॅक्रा. ते आधी आले होते १९६७ मध्ये, ‘द मॅक्रा टेरर’मध्ये. चार भाग, चारही गायब. मधल्या चाळीस वर्षांत मॅक्रांना कोणी विचारलं नव्हतं. आवाज आणि फोटो तरी उरले होते म्हणून लेखकाला हात घालायला काहीतरी होतं.

लांबलचक मालिकेत ‘बरे’ भाग आणखी एक काम करतात, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तिथे माणसं शिकतात. रॉबर्ट होम्स या लेखकाच्या पहिल्या दोन कथा म्हणजे ‘द क्रोटन्स’ आणि ‘द स्पेस पायरेट्स’. पहिली दुसऱ्याची संहिता बारगळली म्हणून ऐन वेळी घेतलेली. दुसरीचा एकच भाग शिल्लक आहे आणि तो बघताना काकूंनी अख्खी मेथीची जुडी निवडली. १९६८-६९ मधली ही गोष्ट. याच होम्सने १९८४ मध्ये ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ लिहिली. २००९ च्या त्या क्रमवारीत दोनशेवा ‘ट्विन डिलेमा’ होता हे वर आलंच, पहिला ‘अँड्रोझानी’. मध्ये पंधरा वर्षं आणि बरंच बरं-वाईट लेखन.

मालिकेच्या पहिल्या हंगामात ४२ भाग होते. २०२४ च्या हंगामात आठ. आठ भागांत कोणालाही ‘बरा’ भाग करायची चैन परवडत नाही. प्रत्येक भाग महत्त्वाचा, प्रत्येकात जगाचा अंत, प्रत्येकाच्या शेवटी आपण दम टाकतो आणि महिन्याने त्यातलंही काही आठवत नाही. हा तक्रारीचा सूर वयाचा आहे असं भाची म्हणते. असेल. पण आजच्या नव्या होम्सला ‘स्पेस पायरेट्स’ लिहायला जागा कुठे आहे, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे काम केलेली जुनी माणसं सांगतात ते बीबीसीच्याच वळणाचं आहे: टेपांची चणचण, जुनं पुसून नवं. आपल्याही विज्ञानमालिका झाल्या. १९९८ मध्ये मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ आला होता. चाळिशीतल्या कोणालाही विचारा, मिलिंद सोमण आठवेल. एखाद्या भागाची गोष्ट सांगा म्हटलं की आमच्या बैठकीसारखी शांतता. पण त्या काळात आपण भविष्याची कल्पना काय करत होतो, यानात कपडे कसले घालणार होतो, परग्रहावरच्या शत्रूशी कोणत्या हिंदीत बोलणार होतो, हे नेमकं त्या विसरलेल्या भागांमध्येच आहे. गाजलेल्या भागात लेखक विचार करून लिहितो. बऱ्या भागात घाईत लिहितो, आणि घाईत माणूस आपल्या काळाचं खरं बोलून जातो.

पुस्तकांच्या बाबतीत आपला कायदा फार उदार आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. पाळतात किती, हा वेगळा विषय. पण कायदा विचारत नाही की पुस्तक चांगलं आहे का. साहित्य अकादमीवाल्याची एक प्रत आणि ‘शंभर प्रकारची लोणची’ची एक, शेजारी शेजारी. प्रक्षेपणाला असा कायदा नाही. खाजगी वाहिन्यांना जे दाखवलं त्याचं रेकॉर्डिंग ठेवायचं बंधन आहे, ९० दिवसांचं, आणि तेही तक्रार आली तर तपासायला. एक्क्याण्णव्या दिवसापासून ज्याचा तो मालक. ज्या माध्यमासमोर आपल्या दोन पिढ्यांनी रोजच्या संध्याकाळी काढल्या, त्याच्या नशिबी तीन महिने आणि लोणच्याच्या पुस्तकाला कायमचं घर. लोणच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट टीव्हीलाही त्याच फळीवर बसवा असं म्हणतेय.

आमच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. जुनी मासिकं चाळायला कधी बसलात तर तुम्हालाही हेच होईल: ज्या लेखासाठी मासिक मागवलं तो पाच मिनिटांत वाचून होतो, आणि मग तासभर आपण जाहिराती, वाचकांची पत्रं आणि कोणा विसरलेल्या लेखकाची कथा वाचत बसतो. कोणी तेव्हा ‘निवडक’ कात्रणं ठेवून बाकी रद्दीत घातलं असतं, तर तो तास मिळाला नसता.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप बैठकीतूनच आला. सर म्हणाले, ‘विसरणं ही मेंदूची सोय आहे. सगळं ठेवाल तर हवं ते सापडणार नाही. आणि प्रत्येकाने केलेलं प्रत्येक बरं-वाईट कायम राहावं, ही शिक्षा आहे.’ यातला दुसरा मुद्दा मला खरंच अडतो. एखाद्या नटाला त्याचा १९९९ चा रबरी मुखवटा पुन्हा कोणी बघू नये असं वाटत असेल, तर मला त्याची कीव येते. पण जपणं म्हणजे चव्हाट्यावर मांडणं नव्हे. भांडारात असू द्या, दाखवायचे नियम वेगळे करा. पहिल्या मुद्द्यावर मी हटणार नाही. विसरायचं की नाही हे बघणाऱ्याने ठरवावं. भांडाराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने आपल्या वतीने विसरू नये.

पैशाचा प्रश्न आला तेव्हा ऐरोलीच्या मित्राने काकूंच्या वाणसामानाच्या यादीमागे हिशेब मांडला. बेताच्या दर्जाचं चित्रण, तासाला एक जीबी धरू. चोवीस तास चालणारी वाहिनी, वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे साधारण नऊ टीबी. त्यांच्याकडे बॅकअपला वापरतात त्या एलटीओ-९ टेपवर १८ टीबी मावतात. म्हणजे एका वाहिनीची दोन वर्षं, जाहिराती आणि रात्रीच्या तेलविक्रीसकट, तळहाताएवढ्या एका कार्ट्रिजवर. दोन प्रती काढा, वेगवेगळ्या गावांत ठेवा. बीबीसीला साठच्या दशकात जी सबब होती ती आज आपल्याला नाही.

‘पण थांब,’ म्हणाला, ‘ठेवणं सोपं आहे. काही वर्षांनी ती टेप वाचणारं मशीनच बाजारात मिळत नाही, मग सगळं नव्या टेपवर चढवावं लागतं. आणि खरा खर्च नोंदीचा. आमच्याकडे टेपा असतात, त्यात काय आहे ते सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.’ हे त्याचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करते. म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रसार भारतीपासून सुरुवात करा, मग कायद्याने खाजगी वाहिन्याही घ्या. प्रत्येक कार्यक्रमाची एक साधी प्रत, आणि नोंदीत चारच गोष्टी: तारीख, वाहिनी, नाव, शेवटच्या पाटीवरची माणसं. गुणवत्तेचा रकाना नको. समिती तर मुळीच नको. समिती आली की ‘निवडक’ आलंच.

ती कॅसेट अजून आहे. बाबांनी शेवटचा चेंडू पडल्यावर थांबवायचं बटण दाबलं होतं, त्यामुळे मॅच संपल्यावर थोडी पट्टी उरली असणार, हे इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. यादीच्या खेळानंतर माझ्या आलं. चालू व्हीसीआर मिळवायला मित्राला दीड महिना लागला. रविवारी सरांकडे लावली. जल्लोष, मग खरखर, मग पडदा निळा, आणि एकदम आमच्या चाळीतली शहाबादी फरशी. कॅमेरावाल्याने बहुधा कॅमेरा खाली धरला होता. फरशी, फुगडीसाठी सरकवलेल्या चपला, हिरव्या नऊवारीचा काठ आणि दोन पाय, जोडवी घातलेले. चाळीस सेकंद असेल. मागून एक बाई ओरडते, ‘अगं, तो पंखा बंद करा आधी, निरांजन विझतंय!’ आणि पट्टी संपते.

आईला दाखवलं. पाय तिचे नव्हेत, म्हणाली, काठ शेजारच्या वहिनींचा. आवाज कोणाचा, ते तीनदा ऐकून तिलाही सांगता आलं नाही.